ज्येष्ठांसाठीचा १२ आठवड्यांचा योगवर्ग : जाहिरात स्मरणशक्तीची, लाभ झोपेचा

या वर्गाच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत एक वाक्य छापलेले आहे : ‘१२ आठवड्यांत स्मरणशक्तीत लक्षणीय वाढ.’ मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले, त्यामुळे ‘लक्षणीय’ हा शब्द दिसला की तो कोणी आणि कशाच्या आधारावर वापरला, हे विचारल्याशिवाय मला पुढची ओळ वाचता येत नाही. तरीही आम्ही दोघांनी नाव नोंदवले. माझे यजमान ७४ वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असल्याचे सांगितले होते. म्हणजे विसरणे वयाच्या मानाने अधिक, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः सांभाळता येतात, अशी मधली अवस्था. मी ६९ वर्षांची आहे. मला तसे कोणतेही निदान झालेले नाही, मात्र नेमका हवा तो शब्द ओठांवर येऊन अडण्याचे प्रमाण माझ्याही बाबतीत वाढले आहे, आणि शब्दांवरच पोट भरलेल्या माणसाला ते जास्त टोचते. वर्ग संपून आता तीन महिने झाले आहेत. हे परीक्षण मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे, कारण समारोपाच्या दिवशी सगळ्यांनाच सगळे छान वाटत असते.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी ६० मिनिटांचा असतो आणि एका तुकडीत १४ पेक्षा अधिक जणांना घेत नाहीत. आरंभी सांध्यांच्या सावकाश हालचाली, मग साधारण २५ मिनिटे आसने, त्यानंतर प्राणायाम आणि शेवटी शवासन किंवा योगनिद्रा, असा क्रम ठरलेला आहे. आसने ओळखीचीच आहेत : ताडासन, अर्धकटिचक्रासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, मार्जारासन, सेतुबंधासन. ज्यांना जमिनीवर बसणे-उठणे जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक आसनाचा खुर्चीवरचा प्रकार शिकवला जातो, आणि तो ‘तुम्हाला जमत नाही म्हणून’ अशा सुरात नव्हे, तर तितक्याच बारकाईने शिकवला जातो. खुर्च्या हात नसलेल्या, चाके नसलेल्या आणि पायांना रबर लावलेल्या आहेत. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचा वर्गावरचा विश्वास पहिल्या दिवशी खुर्ची सरकते की नाही यावरच ठरतो.

या वर्गाची खरी जमेची बाजू आहे ती शिकवण्याची पद्धत. पहिले दोन आठवडे शिक्षिका प्रत्येक आसन करून दाखवतात. तिसऱ्या आठवड्यापासून त्या करून दाखवणे बंद करतात आणि केवळ बोलतात. ‘श्वास घेत डावा हात वर, उजवी टाच मागे, श्वास सोडताना मान उजवीकडे’ हे वाक्य ऐकून, ते डोक्यात धरून ठेवून, त्याप्रमाणे शरीर हलवायचे आणि तोपर्यंत पुढची सूचना येते. पाचव्या आठवड्यात सहा हालचालींची एक साखळी शिकवली गेली आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तीच साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे करायला सांगितली. आमच्यापैकी निम्मे जण तिसऱ्याच हालचालीला अडखळले आणि खोलीभर हशा पिकला. मला मात्र त्या क्षणी कळले की येथे स्नायूंपेक्षा वेगळ्याच गोष्टीला ताण दिला जात आहे. माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करण्याची जी क्षमता असते, जिला कार्यकारी स्मृती म्हणतात, ती वयानुसार लवकर मंदावणाऱ्या क्षमतांपैकी एक आहे. फोनवर ऐकलेला क्रमांक कागद सापडेपर्यंत लक्षात ठेवताना आपण तीच वापरतो.

यामागे केवळ शिक्षिकेची कल्पकता आहे असे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ६२ वर्षे वयाच्या ११८ जणांपैकी काहींना ८ आठवडे हठयोग शिकवला आणि इतरांकडून तितकाच वेळ ताण देण्याचे व स्नायूंना बळकटी आणण्याचे व्यायाम करून घेतले. दोन्ही गट आठवड्यातून तीन वेळा, एकेक तास येत असत. शेवटी योगाच्या गटाची कार्यकारी स्मृती आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडे मन वळवण्याची क्षमता सुधारलेली आढळली, तर नुसत्या व्यायामाच्या गटात तसा फरक दिसला नाही. हात-पाय तर दोन्ही गटांनी हलवले होते. फरक असेल तर तो हालचाल, श्वास आणि अवधान यांना एका वेळी एकत्र बांधण्यात असावा, असा माझा समज आहे, आणि या वर्गात नेमके तेच करून घेतले जाते. ज्या वर्गात समोर भिंतीवर मोठा पडदा लावून चित्रफीत पाहत अनुकरण करायला लावतात, तेथे हा भाग आपोआप गळून पडतो.

याच पद्धतीचा आणखी एक प्रकार आठव्या आठवड्यापासून सुरू झाला. एकेक अक्षर उच्चारत अंगठा क्रमाने तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि करंगळीला टेकवायचा. आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग मनातल्या मनात, आणि पुन्हा त्याच वाटेने परत. १२ मिनिटे हे करायचे. ऐकताना बालवाडीतला खेळ वाटतो, पण मनातल्या मनात म्हणताना बोट आणि अक्षर यांची चुकामूक होते आणि ती झाली हे लक्षात यायलाही वेळ लागतो. ‘कीर्तन क्रिया’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी कुंडलिनी योगाच्या जोडीने ज्येष्ठांवर तपासला आहे. त्याविषयी पुढे लिहिते, कारण आधी चाचणीची गोष्ट सांगायला हवी.

पहिल्या दिवशी प्रत्येकाची ‘स्मरणशक्ती चाचणी’ घेण्यात आली. १५ शब्द वाचून दाखवले, दहा मिनिटे इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगितले. मला ८ आठवले, यजमानांना ४. बाराव्या आठवड्यात पुन्हा चाचणी झाली. मला १३ आणि त्यांना ७ शब्द आठवले. या दोन आकड्यांवरून वर्गाच्या भिंतीवर एक रंगीत आलेख लावला गेला आणि टाळ्या वाजल्या. अडचण अशी की दोन्ही वेळची यादी तीच होती! पहिल्या चाचणीनंतर पायताणे घालता घालता आम्ही सगळ्यांनी ‘कंदील तुला आठवला का, मोर कसा विसरलो’ अशी उजळणी केली होती. ती यादी आजही मला जवळपास पाठ आहे. एकच चाचणी पुन्हा दिल्यावर केवळ ओळखीमुळे गुण वाढतात, ही बाब मानसशास्त्रात फार जुनी आणि सर्वमान्य आहे. म्हणूनच डॉक्टर वापरतात त्या ‘मोका’ नावाच्या ३० गुणांच्या चाचणीच्या एकाहून अधिक आवृत्त्या तयार केलेल्या आहेत. शिवाय आमच्याशी तुलना करण्यासाठी योग न केलेला दुसरा गटही नव्हता. त्या आलेखाला मी मुद्रितशोधकाच्या नजरेने एकच खूण करीन : वगळा.

यजमानांची ‘मोका’ चाचणी डॉक्टरांनी वर्गाच्या आधी आणि नंतर, वेगवेगळ्या आवृत्त्या वापरून घेतली. आधी २३ गुण होते, नंतर २४ आले. २६ आणि त्यापुढील गुण सर्वसाधारण मानले जातात. एका गुणाचा फरक त्या दिवशीच्या झोपेमुळे, चष्म्यामुळे किंवा वाट पाहण्याच्या कंटाळ्यामुळेही पडू शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि गुण कमी झाले नाहीत यात समाधान मानावे असेही सुचवले. ते आम्ही मानले.

मग स्मरणशक्तीचा दावा निव्वळ खोटा म्हणावा काय? तसेही नाही. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ वर्षांवरील, माझ्या यजमानांसारखेच निदान झालेल्या ८१ जणांना घेतले होते. एका गटाने १२ आठवडे कुंडलिनी योग आणि घरी रोज कीर्तन क्रिया केली. दुसऱ्या गटाला तितकेच आठवडे स्मरणशक्ती वाढवण्याच्या युक्त्यांचे प्रशिक्षण दिले गेले. स्मरणाच्या चाचण्यांत दोन्ही गट सुधारले. योगाच्या गटाची सरशी झाली ती नियोजन, निवड, आवर अशा कार्यकारी क्षमतांमध्ये आणि मनःस्थितीमध्ये. स्मृतीसाठी योग हा त्यासाठीच बनवलेल्या प्रशिक्षणाच्या तोडीस उतरतो, हे कमी नाही. पण त्याचे वेगळेपण स्मृतीत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. याच्या उलट बाजूचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ ते ८५ वर्षे वयाच्या १३५ निरोगी व्यक्तींनी सहा महिने योग केला, चालण्याचा व्यायाम केला किंवा केवळ प्रतीक्षायादीवर थांबल्या. अवधानाच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत तिन्ही गटांत फरक आढळला नाही; योगाच्या गटाचा तोल, लवचीकपणा आणि जगण्याविषयीचे समाधान मात्र वाढले. माहितीपत्रकात पहिल्या प्रकारचे अभ्यास येतात आणि दुसऱ्या प्रकारचे येत नाहीत, ही या क्षेत्रातील सर्वांचीच खोड आहे.

चालणे बंद करून योगवर्ग लावावा असे आमच्या तुकडीतील दोघांना वाटत होते, म्हणून हेही नोंदवते. स्मरणाशी जवळचा संबंध असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग उतारवयात वर्षाला सुमारे १ ते २ टक्के आक्रसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी ज्यांनी वर्षभर भरभर चालण्याचा व्यायाम केला त्यांच्यात हा भाग सुमारे २ टक्के वाढलेला दिसला, तर तुलनेच्या गटात तो आक्रसतच राहिला. आणि तुलनेच्या त्या गटाच्या हलक्या व्यायामात योगासनांचा एक क्रमही समाविष्ट होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याखेरीज तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत. आमचा वर्ग दुसऱ्या भागाची उत्तम सोय करतो. पहिला भाग तो भरून काढत नाही, कारण सौम्य हठयोग बहुतांशी हलक्या श्रमातच मोडतो. शिक्षिकांनी हे स्वतःहून सांगितले असते तर बरे झाले असते. विचारल्यावर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले.

आता झोपेविषयी. वर्गाच्या माहितीपत्रकात झोपेचा उल्लेख खालून दुसऱ्या ओळीत, बारीक टाइपात आहे. आमच्या घरात मात्र बदल झाला तो येथेच. यजमान गेली तीन-चार वर्षे पहाटे तीनच्या सुमारास जागे होत, दिवा लावत, घरभर फिरत आणि मग दिवसभर डोळे मिटून बसत. दुपारी विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे, आणि आम्ही सगळे त्याला विसरणे म्हणत होतो. सातव्या आठवड्यानंतर मी रोजच्या टिपणात लिहिले आहे : ‘सलग साडेपाच तास.’ दहाव्या आठवड्यात सहा तास ही नेहमीची गोष्ट झाली. मी मुद्दाम वर्ग सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून टिपण ठेवत होते, त्यामुळे हा नुसता आभास नाही एवढे मी खात्रीने म्हणू शकते. तो केवळ योगाचाच परिणाम आहे असे म्हणण्याइतकी खात्री मात्र एका माणसाच्या वहीवरून देता येत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातील ६९ जणांवर केलेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला येथे आठवला. सहा महिने योग केलेल्यांना झोप लागायला सुमारे १० मिनिटे कमी लागू लागली आणि एकूण झोप सुमारे तासाभराने वाढली. झोपेसाठी गोळी मागणाऱ्या कोणत्याही ज्येष्ठाला एका तासाचे मोल सांगावे लागत नाही.

झोपेचा आणि आठवणीचा संबंध दूरचा नाही. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, आणि अर्धवट झोपलेल्या माणसाचे अवधान मुळातच इतके विस्कळीत असते की जे नीट आत गेलेच नाही ते आठवण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या मते यजमानांच्या विसरण्यातला एक मोठा वाटा असा होता. त्यांना आता नावे अधिक आठवतात असे नाही. त्यांना आता प्रश्न ऐकू येतो, आणि ‘थांब, सांगतो’ असे म्हणून ते थांबतात.

मनःस्थितीचेही तसेच आहे. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते ‘मला काही आठवत नाही’ या तक्रारीतून, संथपणातून आणि कशातही रस नसण्यातून दिसते, आणि बघणाऱ्याला तो स्मृतिभ्रंशच वाटतो. निदान करताना डॉक्टरांना हे दोन वेगळे काढावे लागतात, आणि कधी कधी दोन्ही एकाच वेळी असतात. वर्गातर्फे १५ प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची नैराश्य प्रश्नावली भरून घेतली गेली, ही फार चांगली गोष्ट. यजमानांचे आधी ७ गुण होते, नंतर ४. येथे गुण जितके कमी तितके बरे. ही प्रश्नावली पाठ होऊन गुण सुधारण्यासारखी नाही, तरी वर्गाला खूश ठेवण्याच्या भिडेपोटी माणूस बरे उत्तर देऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी स्वतःहून रेडिओ दुरुस्त करायला घेतला, हे भिडेपोटी केलेले नव्हते.

श्वासाच्या भागाला या सगळ्याचे श्रेय अधिक द्यावे असे मला वाटते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास येईल इतक्या संथ गतीने, श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवून केलेला अनुलोम-विलोम आणि त्यानंतरची भ्रामरी, हे या वर्गाचे सर्वांत नीट शिकवलेले घटक आहेत. संथ श्वसनाने विश्रांतीचे काम पाहणारी चेतासंस्था अधिक सक्रिय होते आणि हृदयाच्या ठोक्यांच्या गतीत श्वासागणिक होणारा स्वाभाविक चढउतार वाढतो, हे मोजून पाहता येते. इलिनॉयच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात योगाच्या गटातील लोकांची ताणाच्या प्रसंगी होणारी कॉर्टिसॉल या संप्रेरकाची प्रतिक्रिया आटोक्यात राहिलेली दिसली. भ्रामरीचा आणखी एक फायदा कोठे छापलेला आढळणार नाही : १४ म्हाताऱ्या माणसांनी एकाच वेळी गुणगुणायला सुरुवात केली की पहिल्या दिवशी हसू आवरत नाही आणि त्यानंतर संकोच उरत नाही.

त्या संकोच नसण्याला मी योगाइतकेच महत्त्व देते, आणि येथे वर्गाचे श्रेय कमी होते की वाढते ते मला ठरवता आलेले नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्यासारखी १४ कारणे सांगितली आणि ती सर्व दूर करता आली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला. त्या यादीत नैराश्य आहे, शारीरिक हालचालीचा अभाव आहे, उच्च रक्तदाब आहे आणि एकटेपणाही आहे. आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी कपडे बदलून घराबाहेर पडणे, कोणीतरी आपण आलो नाही हे लक्षात ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी फोन करणे, एवढ्याने त्यातली किती कारणे हलतात? आसनांऐवजी पत्ते खेळायला जमलो असतो तरी यातले काही मिळालेच असते. तोल मात्र मिळाला नसता.

आता तक्रारी, आणि त्यांतली पहिली गंभीर आहे. नावनोंदणीच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह आणि शस्त्रक्रिया यांचे रकाने आहेत. काचबिंदू आणि हाडांचा ठिसूळपणा यांचे नाहीत. डोके हृदयाच्या खाली जाईल अशा आसनांत डोळ्यांतील दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी ती टाळावी लागतात. मणक्यांची हाडे विरळ झालेल्यांना पाठीला बाक देऊन पुढे वाकण्याने मणका दबण्याचा धोका असतो. या वयोगटाच्या वर्गात हे दोन प्रश्न विचारले जाऊ नयेत, ही चूक छपाईची नाही. चौथ्या आठवड्यात उभे राहून पुढे वाकण्याचे आसन सर्वांना सरसकट सांगितले गेले. माझ्या शेजारच्या बाईंना काचबिंदू होता आणि त्या गप्प राहून वाकत होत्या. मी बोलल्यावर शिक्षिकांनी त्यांना लगेच भिंतीशी उभे राहून करण्याचा पर्याय दिला, पण हे माझ्या तोंडाळपणावर अवलंबून असता कामा नये.

कपालभातीच्या बाबतीतही तसेच झाले. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी जोरकस कपालभाती आणि श्वास रोखून धरणे टाळावे, हे एकदा सांगितले गेले, तेही कपालभाती संपल्यावर! शवासनातून उठताना मात्र आधी कुशीवर वळणे, मग बसणे, दोन-तीन श्वास थांबणे आणि मगच उभे राहणे, ही शिस्त दर वेळी पाळली गेली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर घेरी येते हे शिक्षिकांना पुरते ठाऊक होते.

एके दिवशी बाहेरचे एक व्याख्याते आले आणि नियमित साधना असेल तर नैराश्याची औषधे हळूहळू सोडता येतात, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. ते विधान तेथल्या तेथे दुरुस्त व्हायला हवे होते. योग हा अशा उपचारांच्या जोडीला उपयोगी पडतो. औषध कमी करायचे की नाही हे ज्यांनी ते लिहून दिले त्यांनीच ठरवायचे असते, आणि नैराश्याची औषधे अचानक थांबवल्याने त्रास होतो. पुढच्या वेळी शिक्षिकांनी तसे सांगितले खरे, पण त्या दिवशी तुकडीतले चार जण गैरहजर होते.

ऐकण्याचा प्रश्न किरकोळ समजला गेला, आणि ज्या वर्गात सगळे शिकवणे बोलण्यावरच उभे आहे तेथे तो किरकोळ नाही. योगनिद्रेच्या वेळी मागे संगीत लावलेले असते, शिक्षिकांचा आवाज हळू होतो आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्यातून केवळ गुरगुर ऐकू येते. दोन वेळा सांगूनही संगीत बंद झाले नाही. सर्वांना सरसकट ‘काका’ आणि ‘काकू’ म्हणण्याची पद्धतही मला खटकते. ३५ वर्षे प्राध्यापकी केलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या आडनावाने हाक मारली गेली त्या दिवशी ते किती ताठ बसले, ते सगळ्यांनी पाहिले. घरून ऑनलाइन हजर राहण्याची सोय आहे, परंतु ज्यांचा तोल अनिश्चित आहे किंवा ज्यांना सूचना विसरायला होते त्यांनी एकट्याने तो पर्याय घेऊ नये असे मी म्हणेन.

वर्ग संपल्यावर २० मिनिटांची ध्वनिफीत घरी करण्यासाठी दिली जाते. पहिल्या महिन्यात आम्ही ती रोज लावली, दुसऱ्यात आठवड्यातून चारदा, तिसऱ्यात दोनदा. यजमानांची झोप याच प्रमाणात उणावली. माझ्या टिपणात तिसऱ्या महिन्यातले ‘पहाटे सव्वातीन’ पाच वेळा आले आहे. १२ आठवडे हा काळ संशोधनाला सोयीचा असतो, शरीराला तो पुरतो असे नाही. महिन्यातून एकदा जुन्या तुकड्यांना एकत्र बोलावण्याची सोय वर्गाने केली, तर ध्वनिफितीवर साचलेली धूळ बरीच कमी होईल.

ज्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असून सूचना समजण्यातच अडचण येते, त्यांच्यासाठी हा वर्ग योग्य नाही. येथे सोबतीला बसणाऱ्या माणसाची व्यवस्था नाही आणि सूचनांचा वेगही त्यांना झेपणारा नाही. विसरायला होते म्हणून मनातून धास्तावलेले, झोप न लागणारे, निवृत्तीनंतर घरातच अडकलेले, तोल जाण्याच्या भीतीने जिना टाळणारे, अशांनी जरूर यावे, येण्याआधी आपल्या डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारावे, आणि अर्जात रकाना नसला तरी समासात लिहून द्यावे.

आम्ही पुढच्या तुकडीत पुन्हा नाव घातले आहे. अर्जासोबत मी जुने माहितीपत्रक परत दिले; ‘स्मरणशक्तीत लक्षणीय वाढ’ यावर काट मारून समासात ‘झोप, तोल आणि मनःस्थिती यांत सुधारणा संभवते’ असे लिहिले आणि दोन रकाने वाढवण्याची खूण केली. रकाने वाढले आहेत. ठळक वाक्य अजून तसेच आहे. यजमानांनी कार्यालयात एवढेच विचारले की शब्दांची यादी तीच असणार आहे का, आणि तीच असेल तर कंदील आपण आताच सांगून टाकतो, म्हणाले.